अलिबाग ते मुरूड: पन्नास किलोमीटरची सांघिक रिले दौड कशी आखावी

शिवजयंतीच्या आदल्या रात्री शिवनेरी, रायगड, प्रतापगड, पन्हाळा अशा गडांवरून मशाली पेटवून गावोगावची तरुण मंडळी आपापल्या गावाकडे धावत निघतात. एकाच्या हातातली ज्योत दुसऱ्याच्या हातात जाते, दमलेला गडी टेम्पोत चढतो, ताज्या दमाचा खाली उतरतो आणि पहाटेपर्यंत शिवज्योत वेशीवर येऊन पोहोचते. त्यामुळे लांब पल्ला सगळ्यांनी मिळून धावत गाठायचा, ही कल्पना आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जपानमध्ये याच कल्पनेला १९१७ साली स्पर्धेचे रूप मिळाले. क्योतो ते तोक्यो हे पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर धावपटूंनी २३ टप्प्यांत पार केले आणि जुन्या टपालमार्गावरील ठाण्यांवरून या प्रकाराला ‘एकिदेन’ हे नाव पडले. तिथे काठीऐवजी खांद्यावरून तिरका घेतलेला कापडी पट्टा पुढच्याला देतात.

आमच्या धावणाऱ्यांच्या गटाने अलिबाग ते मुरूड ही दौड आजवर तीनदा घेतली. पहिल्या वर्षी पाच संघ होते, तिसऱ्या वर्षी आठ. या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की अशा दौडीत संयोजकाचे मुख्य काम एकच असते: धावून आलेल्या माणसाला चौकीवर, म्हणजे टप्पा संपून धावपटू बदलतो त्या जागी, आपला सहकारी उभा दिसला पाहिजे. अंतर, वेळापत्रक, गाड्या, परवानग्या, पाणी या सगळ्या गोष्टी त्यासाठीच असतात. पुढे जे लिहिले आहे ते या एका कसोटीवर घासून लिहिले आहे.

संघ आणि टप्पे

अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, साळाव, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव आणि मुरूड असा हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता आहे आणि त्याचे अंतर साधारण पन्नास किलोमीटर भरते. पाच जणांचा संघ, पाच-पाच किलोमीटरचे दहा टप्पे आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन टप्पे ही रचना आम्हाला सर्वांत सोयीची वाटली. पाच माणसे आणि त्यांच्या पिशव्या एका मोटारीत मावतात, आणि पाच किलोमीटर हे अंतर नियमित चालणाऱ्या-धावणाऱ्या कुणालाही तीन महिन्यांच्या सरावाने जमण्यासारखे असते. दहा जणांचे संघ केले तर प्रत्येक संघामागे दोन गाड्या लागतात आणि दोन गाड्या म्हटल्या की एक हमखास चुकते.

संघातला क्रम ठरवताना नवे संघ पुष्कळदा एक गोष्ट विसरतात. पहिला टप्पा धावणाराच सहावा धावतो, दुसरा टप्पा धावणारा सातवा, तिसरा धावणारा आठवा. म्हणजे माणसाला टप्पा देताना त्याच्या दोन्ही टप्प्यांचा रस्ता आणि वेळ डोळ्यांपुढे हवी. काशीदच्या आसपासचे चढउतार सातव्या-आठव्या टप्प्यांत येतात आणि तेव्हा ऊनही चढू लागलेले असते, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर चढाची सवय असलेले गडी ठेवावेत. अंधारात धावण्याची ज्याला किंवा जिला धास्ती वाटते, तिला पहिले दोन टप्पे देऊ नयेत. चौथ्या क्रमांकाच्या धावपटूला रेवदंड्याच्या खाडीवरचा साळाव पूल मिळतो, आणि वेळापत्रक नीट जमले तर तो पूल ओलांडताना पूर्वेला तांबडे फुटलेले असते. आमच्याकडे या टप्प्यासाठी दरवर्षी चढाओढ असते.

पहिल्या वर्षी संघ आठच्या वर नेऊ नयेत. नावे देणारे पुष्कळ असतात, पण आठ संघ म्हणजे चाळीस धावपटू, आठ गाड्या आणि पंधरा-वीस स्वयंसेवक. एवढी मंडळी एकमेकांना नावाने ओळखू शकतात, आणि ‘मैत्रीपूर्ण’ या शब्दाला अर्थ राहतो तो तोवरच.

रस्ता आधी आपल्या पायांनी पाहावा

नकाशावर मोजलेले अंतर कच्चे समजावे. दौडीच्या तीन-चार महिने आधी दोघांनी सायकलवर आणि दोघांनी मोटारीने संपूर्ण रस्ता पाहावा. सायकलवाल्यांनी अंतर मोजावे आणि रस्त्याची कड कुठे तुटली आहे, झुडपे कुठे अंगावर येतात, कुठल्या वळणावर समोरचे दिसत नाही याची नोंद ठेवावी. मोटारवाल्यांनी आठ गाड्या रस्ता सोडून उभ्या राहतील अशा जागा हेराव्यात. मग एकदा, शक्यतो महिनाभर आधी, ज्या वेळी संघ तिथे असतील त्याच वेळी तोच रस्ता पुन्हा पाहावा. दिवसा निवांत दिसणारा तिठा पहाटे साडेपाचला मासळीच्या टेम्पोंनी गजबजलेला असू शकतो. चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला रस्ता दिवसा फार देखणा आहे, परंतु तो अरुंद आणि वळणांचा आहे, दोन्ही बाजूंना गडगे आहेत, आणि अंधारात समोरून गाडी आली तर धावणाऱ्याला बाजूला व्हायला जागा नसते. हे पहाटे तिथे उभे राहिल्यावाचून कळत नाही.

टप्पे काटेकोर पाच किलोमीटरचेच असावेत असा हट्ट धरू नये. चौकीला सुरक्षित जागा मिळत असेल तर एक टप्पा साडेचारचा आणि पुढचा साडेपाचचा चालतो. देवळाचे पटांगण, शाळेचे मैदान, एसटीच्या थांब्यामागची मोकळी जागा, समुद्रकिनाऱ्यावरचा वाहनतळ या जागा चांगल्या. पुलावर, पुलाच्या तोंडाशी, वळणावर किंवा उतार संपतो तिथे चौकी कधीही नसावी. साळाव पुलाची त्या वर्षीची स्थिती, तिथे काम सुरू आहे का आणि पायी जाण्यास हरकत आहे का, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आधीच विचारून घ्यावे.

चौकीचे वर्णन लिहिताना फार काळजी घ्यावी. पहिल्या वर्षी आमच्या कागदावर एका चौकीपुढे ‘शाळेजवळ’ एवढेच लिहिले होते. त्या गावात जिल्हा परिषदेची शाळा एका टोकाला आणि माध्यमिक विद्यालय दुसऱ्या टोकाला होते. हिरव्या संघाची मुलगी धावत धावत पहिल्या शाळेपाशी आली, तेव्हा तिचा सहकारी सव्वा किलोमीटर पुढच्या शाळेच्या फाटकापाशी अंगात ऊब आणत उभा होता. ती अंधारात अकरा मिनिटे एकटी उभी राहिली. घामाने भिजलेले अंग गार पडले, दुसऱ्या टप्प्यात तिच्या पोटरीत गोळे आले, आणि चूक पूर्णपणे आमची, संयोजकांची होती. तेव्हापासून प्रत्येक चौकीचा फोटो, तोही पहाटे काढलेला, फोनच्या नकाशावरची अचूक खूण आणि ‘मुरूडकडे जाताना उजव्या हाताला, निळ्या पत्र्याच्या शेडसमोर’ अशा भाषेतले वर्णन प्रत्येक संघाला पंधरा दिवस आधी मिळते.

दिवस कोणता निवडावा

कोकण किनाऱ्यावर अशी दौड डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी. पुढे दमटपणा आणि ऊन यांमुळे नऊनंतर धावणे कष्टाचे होते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा पूर्ण टाळावा, कारण अलिबाग-काशीद-मुरूडचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी भरून जातो. प्रजासत्ताक दिनही सोयीचा नाही, कारण त्या सकाळी गावोगावी शाळांच्या प्रभातफेऱ्या रस्त्यावर असतात आणि ध्वजवंदनामुळे आपल्याला हवी ती शाळेची पटांगणे मिळत नाहीत. संक्रांत उलटल्यावरचा, कोणत्याही जोडसुट्टीला न लागलेला रविवार आम्ही धरतो.

शेवटची रेषा मुरूडच्या वाळूवर आखायची असेल तर पंचांगही पाहावे लागते. किनाऱ्यावरची जुनी मंडळी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आपले संघ साडेदहाच्या आसपास पोहोचणार असतील तर सप्तमी ते नवमीच्या आसपासचा रविवार उत्तम, कारण पाणी तेव्हा मागे सरत असते आणि ओली, घट्ट वाळू धावायला मिळते. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ मात्र ऐन वेळी पाणी वर चढलेले असेल. हा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून दिवस पक्का करताना भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहावा, आणि तिथी जुळत नसेल तर शेवटची रेषा खुशाल किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर घ्यावी.

परवानग्या आणि ओळखीपाळखी

रायगडच्या जिल्हा पोलीस अधीक्षकांचे कार्यालय अलिबागेतच आहे. तिथे किमान दोन महिने आधी अर्ज द्यावा. त्यासोबत मार्गाचा नकाशा, चौक्यांची यादी, संघांची व गाड्यांची संख्या, अपेक्षित वेळा, रुग्णवाहिकेची सोय आणि जबाबदार व्यक्तींची नावे जोडावीत. अर्जाच्या प्रती अलिबाग, रेवदंडा आणि मुरूड या पोलीस ठाण्यांत स्वतः जाऊन द्याव्यात. आपण रस्ता बंद करायला सांगत नाही, वाहतूक चालू असताना कडेने धावणार आहोत, हे अर्जात ठळकपणे लिहिल्यास पुढची बोलणी सोपी होतात. बांधकाम विभाग, ज्यांच्या हद्दीत चौक्या आहेत त्या ग्रामपंचायती, शाळेचे मुख्याध्यापक आणि देवस्थानाचे विश्वस्त यांना स्वतंत्र पत्रे द्यावीत. अलिबाग व मुरूडच्या एसटी आगारांत एक पत्र देऊन ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. पहाटेच्या गाडीच्या चालकाला पुढे वळणावर माणसे धावत आहेत हे आधीच ठाऊक असणे फार मोलाचे असते.

ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वापरता येत नाही, आणि पाच वाजता सुटणाऱ्या दौडीला त्याची गरजही नाही. गावे झोपलेली असतात. शिट्टी आणि हात, एवढ्यावर दौड सुटते.

वेळापत्रक: सगळे एकाच वेळी मुरूडला

सगळे संघ एकदम सोडले तर वेगवान संघ तासभर आधी पोहोचतात, आंघोळी उरकून जेवायला बसतात, आणि शेवटचा संघ येतो तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी उरलेले नसते. मैत्रीच्या दौडीत हे बरे दिसत नाही. म्हणून संथ संघ आधी आणि वेगवान संघ नंतर सोडावेत, म्हणजे सगळे साधारण एकाच वेळी शेवटाला येतात.

त्यासाठी प्रत्येक धावपटूकडून त्याने गेल्या दोन महिन्यांत दहा किलोमीटर किती वेळात धावले ते मागवावे. त्यावरून दर किलोमीटरचा वेळ काढावा, पहिल्या टप्प्याला तोच धरावा आणि दुसऱ्या टप्प्याला दर किलोमीटरमागे वीस सेकंद वाढवावीत, कारण मध्ये गाडीत बसून पाय आखडलेले असतात. पाचही जणांच्या दोन्ही टप्प्यांच्या वेळा मिळवल्या की संघाचा अंदाज निघतो.

समजा, पिवळ्या संघाची सरासरी किलोमीटरला ६ मिनिटे ४० सेकंद येते आणि निळ्या संघाची ५ मिनिटे ३० सेकंद. पन्नास किलोमीटरला पिवळ्यांना ५ तास ३३ मिनिटे लागतील आणि निळ्यांना ४ तास ३५ मिनिटे. फरक ५८ मिनिटांचा. पिवळे ५ वाजता सुटले तर निळे ५ वाजून ५८ मिनिटांनी सोडावेत, आणि दोघेही १०:३३ च्या आसपास मुरूडला यावेत. बाकीचे सहा संघ या दोघांच्या दरम्यान आपापल्या अंदाजाप्रमाणे सुटतात.

हा तक्ता तयार झाला की चौक्यांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट त्यातून दिसते. पहिल्या चौकीवर पिवळे ५:३३ ला येतात आणि निळे ६:२६ च्या सुमारास. म्हणजे ती चौकी जवळपास तासभर चालू ठेवावी लागते, पण एका वेळी तिथे एखाद-दुसरीच गाडी असते. पाचव्या चौकीवर हेच अंतर अर्ध्या तासावर येते, पिवळे ७:४७ ला आणि निळे ८:१६ ला. नवव्या चौकीवर पिवळे १० वाजता येतात आणि निळे त्यानंतर पाच-सहा मिनिटांतच. आठही संघांच्या गाड्या, उतरलेले आणि चढायचे धावपटू, सगळे तिथे एकदम गोळा होतात, तेही ऐन पर्यटकांच्या वेळेला. म्हणून सर्वांत ऐसपैस जागा नवव्या चौकीला हवी आणि सर्वांत जास्त माणसेही तिथेच हवीत. आम्ही पहिल्या वर्षी नेमके उलटे केले होते. अंधाराच्या भीतीने माणसे पहिल्या दोन चौक्यांवर लावली आणि नवव्या चौकीवर दोघे जण गाड्यांच्या गर्दीत हात हलवत राहिले.

त्याच तक्त्यावरून स्वयंसेवकांची बचतही करता येते. पहिल्या चौकीची तुकडी पावणेसातला मोकळी होते आणि सहाव्या चौकीवर पहिला संघ ८:२० ला येतो. मधल्या वेळात ती तुकडी आरामात पुढे पोहोचते. तसेच दुसरीची सातवीवर, तिसरीची आठवीवर, चौथीची नववीवर. पाचवीची तुकडी तिथले काम उरकून नवव्या चौकीच्या मदतीला जाते. म्हणजे नऊ चौक्या पाच तुकड्यांत भागतात. पुढे निघताना धावणाऱ्यांच्या बाजूने गाडी हळू न्यावी हे तुकड्यांनाही बजावावे. घाई झाली की आपलीच माणसे बेफाम हाकतात.

चौकीवर काय घडते

एका तुकडीत तीन माणसे पुरेशी होतात. पहिला माणूस चौकीच्या दोनशे मीटर अलीकडे विजेरी घेऊन उभा राहतो आणि येणाऱ्याच्या छातीवरचा क्रमांक दिसताच तो मोठ्याने पुकारतो. त्या हाकेसरशी पुढचा धावपटू अंगावरचे जाकीट काढून रेषेवर येतो. दुसरा माणूस वेळ लिहितो, आणि लिहून झाल्यावर फोनवरच्या गटावर एकच ओळ टाकतो: ‘चौकी ४, पिवळा, ७:१४’. यापलीकडे त्या गटावर काहीही येऊ नये. फोटो, शुभेच्छा, नमस्काराची चित्रे यांसाठी वेगळा गट असावा, नाहीतर कामाची ओळ चाळीस संदेशांखाली गाडली जाते. तिसरा माणूस गाड्या लावतो आणि रस्त्यावर कुणाला रेंगाळू देत नाही. कागद आणि पेन्सिल प्रत्येक चौकीवर हवीच, कारण सगळ्याच ठिकाणी फोनला संपर्क मिळेल अशी खात्री बाळगू नये. पेन्सिल अशासाठी की पहाटेच्या दवाने कागद ओलसर होतो आणि शाई फुटते.

लाकडी दांडक्याऐवजी आम्ही सुती उपरणी वापरतो, प्रत्येक संघाचा रंग वेगळा. उपरणे उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे तिरके घ्यायचे आणि टोकाला सैल गाठ मारायची. धावपटूने चौकीच्या शंभर मीटर अलीकडे गाठ सोडून ते दोन्ही हातांत ताणून धरावे, म्हणजे पुढच्याला एका हाताने ओढून घेता येते. हे वाचायला सोपे वाटते, पण दमलेल्या, घामेजलेल्या बोटांना ओली गाठ सुटत नाही. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक संघाकडून ही देवघेव दहा वेळा करून घ्यावी. रेषा आखायला फक्की वापरावी. रस्त्यावर रंग लावू नये.

एखादा संघ फारच मागे पडला तर काय करायचे, हे आधी ठरलेले असावे. जपानमधल्या, १९२० सालापासून चालत आलेल्या हाकोने एकिदेनमध्ये आघाडीच्या संघापेक्षा ठरावीक वेळाहून मागे राहिलेल्या संघाचा पुढचा धावपटू पट्टा न घेताच पुढे सोडतात. आम्हीही तसेच करतो. संघाच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा चाळीस मिनिटे उशीर झाला की पुढचा गडी राखीव पांढरे उपरणे घेऊन निघतो आणि मागचा आपला टप्पा शांतपणे पूर्ण करतो. दोघांच्या वेळा नंतर मिळवल्या जातात. मागून येणाऱ्याला आपल्यामुळे सगळे खोळंबले असे वाटू नये, म्हणून हा नियम सर्वांना आधीच समजावून सांगावा.

गाड्या, रस्ता आणि अंधार

प्रत्येक संघाला एकच गाडी. तिने धावपटूच्या सोबत, मागे किंवा पुढे रांगत चालायचे नाही. तिने थेट पुढच्या चौकीवर जायचे. शिवज्योतीच्या सवयीमुळे अनेकांना गाडी सोबत हवीशी वाटते, पण आठ संघांच्या आठ गाड्या अरुंद रस्त्यावर दहाच्या वेगाने चालल्या तर मागून येणारा प्रत्येक जण त्यांना ओलांडायला बघतो आणि धोका धावणाऱ्यालाच होतो. गाडी चालवणारा धावणाऱ्यांपैकी नसावा. पहाटे तीनला उठून दहा किलोमीटर धावलेल्या माणसाच्या हाती परतीच्या प्रवासात चाक देणे मला कधीच पटले नाही.

धावायचे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे. सूर्योदय जानेवारीत सव्वासातच्या सुमारास होतो, त्यामुळे साडेसातपर्यंत प्रत्येकाच्या अंगात चमकपट्ट्यांचे जाकीट आणि कपाळावर दिवा बंधनकारक ठेवावा. कानात गाणी अजिबात नकोत. अंधाऱ्या टप्प्यांवर प्रत्येक दोन धावपटूंमागे एक सायकलस्वार सोबतीला असावा. बायका-मुलींना याचा मोठा आधार वाटतो, आणि भटकी कुत्री अंगावर आली तर सायकलस्वार पुढे होऊ शकतो. कुत्रे मागे लागल्यास पळू नये, थांबावे, चालावे. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. दौड पुरी करण्याचा विचार तिथेच सोडावा.

खाणे, पाणी आणि मधले दोन तास

पिवळ्या संघाच्या धावपटूला पहिला टप्पा संपल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत सव्वादोन तास मिळतात. हा वेळ कसा जातो यावर दुसरा टप्पा अवलंबून असतो. उतरल्याबरोबर गाडीत बसू नये. पाच मिनिटे चालावे, ओला सदरा बदलून कोरडा घालावा, मग अर्ध्या तासाच्या आत एखादे केळे, दोन खजूर किंवा राजगिऱ्याची वडी आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी घ्यावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, बळजबरीने नको. वडापाव आणि मिसळ यांना मुरूडपर्यंत थांबायला सांगावे. दुसऱ्या टप्प्याच्या पंधरा मिनिटे आधी गाडीतून उतरून पाय मोकळे करावेत.

चौकीवर पिंपातून पाणी आणि प्रत्येकाने स्वतःचा पेला आणावा असा नियम केल्याने प्लास्टिकच्या बाटल्यांचा कचरा जवळजवळ संपला. स्वच्छतागृहाची सोय निदान एकाआड एक चौकीवर पाहावी. शाळेची किंवा देवस्थानाची किल्ली कोणाकडे असते ते आदल्या दिवशी विचारून त्या माणसाचा फोन तुकडीकडे असावा. पहाटे साडेसहाला कुलूपबंद दारासमोर उभे राहण्याइतकी दुसरी अडचण नाही.

प्रकृतीचे प्रश्न

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच नाव द्यावे. आदल्या तीन दिवसांत ताप आलेल्याने धावू नये, आणि संघाने त्याला गळ घालू नये. प्रत्येक संघाला एक राखीव गडी ठेवायला सांगितले की हा मोह उरत नाही. छातीवरच्या क्रमांकाच्या मागे नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहून घ्यावा.

एक रुग्णवाहिका ठरवून ठेवावी आणि ती संघांच्या मधोमध पुढे सरकत राहावी. याशिवाय १०८ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येकाच्या कागदावर असावेत. धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा ऊन असताना एकाएकी गारठ्याची तक्रार करू लागला तर त्याला तिथेच सावलीत थांबवून अंगावर भरपूर पाणी ओतावे, बर्फ असल्यास मानेला आणि काखेत लावावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. आधी गार करणे, मग हलवणे हा क्रम चुकवू नये.

कुणी मध्येच थांबला तर त्याच्या संघातील दुसऱ्याने त्याच जागेवरून पुढे धावावे. संघ बाद होत नाही.

बक्षीस कशाचे द्यावे

सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला बक्षीस ठेवले तर संघ सुरुवातीला मुद्दाम संथ वेळा सांगतात, म्हणजे त्यांना लवकर सुटायला मिळते. आम्ही त्यामुळे बक्षीस अंदाजाच्या सर्वांत जवळ पोहोचणाऱ्या संघाला देतो. दौड चालू असताना धावपटूंनी आपला एकूण वेळ मोजत बसू नये असे सांगतो, पण मनगटावरची घड्याळे काढून घेत नाही. गेल्या वेळी जिंकलेल्या संघाचा अंदाज पाच तास बारा मिनिटांचा होता आणि ते पाच तास तेरा मिनिटांनी आले. त्या संघात एक आजोबा, त्यांची सून आणि नात होती. बक्षीस म्हणजे मुरूडच्याच एका वाडीतली शहाळी, आणि ती सगळ्या संघांनी मिळून प्यायली.

प्रवेशशुल्क आकारताना रुग्णवाहिका, विमा, पाणी, नाश्ता, चमकपट्ट्यांची जाकिटे आणि स्वयंसेवकांचे पेट्रोल यांची बेरीज करून ती धावपटूंच्या संख्येने भागावी, आणि हिशेब दौडीनंतर आठवड्याच्या आत सर्वांना पाठवावा. स्वयंसेवकांकडून शुल्क घेऊ नये. त्यांचा नाश्ता धावपटूंच्या आधी काढून ठेवावा.

दौड संपल्यावर

शेवटच्या संघामागून एक गाडी निघालेली असतेच. तिचे काम अलिबागपासून फिती, बाणांचे फलक आणि पडलेला कचरा उचलत येणे. ती मुरूडला पोहोचेपर्यंत कुणीही परतीला लागू नये, कारण एखादा स्वयंसेवक चौकीवर विसरला गेला तर ते याच वेळी कळते. सगळी नावे मोठ्याने वाचून हजेरी घ्यावी. पुढच्या चार दिवसांत ग्रामपंचायती, शाळा, पोलीस ठाणी आणि आगारांना आभाराची पत्रे प्रत्यक्ष नेऊन द्यावीत. पुढच्या वर्षी किल्ली मागायला याच दारी जायचे असते.

उपरणी मोजून घ्यावीत, आठ रंगीत आणि राखीव पांढरी. खारा वारा आणि घाम यांमुळे ती दोन दिवसांत ताठ होतात, म्हणून त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजत टाकावीत. वाळल्यावर चौक्यांवरचे पेन्सिलने लिहिलेले कागदही त्याच पिशवीत घालून ठेवावेत. पुढच्या वर्षीचा तक्ता करायला बसताना सर्वांत आधी तेच कागद लागतात.